भागीमावशीनं पिंपं पालथी घातली

आधी तिचं नाव लिहिते, मग काय झालं ते. भागीरथी. हर्णे बंदरावरच्या कोळीवाड्यातली भागीमावशी. माझी नंदा आज दप्तर पाठीला अडकवून शाळेत जाते, घरी आली की माझ्याशी तोंडाला तोंड देते, ती या मावशीमुळे. दुसरं कुणी काही म्हणो, मी असंच म्हणणार. आणि ती मावशी गेली, हे मला तिचं तेरावं उलटून गेल्यावर कळलं. आता आम्ही रत्नागिरीत असतो, माझे मालक इथल्या बर्फाच्या फॅक्टरीत मशीनवर आहेत. हर्णेहून मासळीची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर कधीमधी दारात थांबून पाणी पितो. त्या दिवशी त्यानं तांब्या खाली ठेवला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "वैनी, तुमची ती भांडकुदळ म्हातारी गेली ना..." मी तांदूळ निवडत होते. सुपातले तांदूळ तसेच राहिले. भांडकुदळ म्हटल्यावर नाव विचारायची गरजच पडली नाही.

या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते मी नेमानं वाचते. ती माणसं शिकलेली असतात. मी सहावीतून शाळा सोडलेली. पण मला एका माणसाला काही सांगायचं आहे आणि समोरासमोर माझी जीभ उचलत नाही. लिहिताना निदान मध्ये कुणी बोलत नाही.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं. लग्न झालं आणि मालकांना हर्णेच्या बर्फाच्या फॅक्टरीत काम मिळालं. नंदाला कडेवर घेऊन मी घाट उतरले तेव्हा ती नुकती पावलं टाकायला लागली होती. ओळखीचं कुणी नाही, बोलणं अर्धं कळायचं नाही, आणि त्या समुद्राचा आवाज... पहिले काही दिवस मी दार लावून बसायचे. भागीमावशीच्या घराची मागची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. मावशी विधवा, मुलगा काशिनाथ होडीवर तांडेल, त्याचं लग्न अजून व्हायचं होतं. तांडेल म्हणजे होडीचा कारभार बघणारा. आमच्या मालकांनी फोडलेला बर्फ काशिनाथच्या होडीवर जायचा, तो भरून चार-पाच दिवस ही पोरं खोल दर्यात राहायची. तेवढ्या दिवसांत मावशी घरात एकटी. मग तिचं तोंड आणि माझे कान.

माझं नाव कावेरी, पण तिनं ते कधी घेतलं नाही. घाटावरची म्हणून मी घाटीण. पहिल्यांदा तिनं मला ओले बोंबील आणून दिले. मी ते आमच्याकडच्या भाजीसारखे फोडणीत टाकून ढवळत बसले. मासळी अशी विरघळते हे मला काय माहीत! मावशी झाकण काढून बघते तर आत सगळा लगदा. तिनं कपाळावर हात मारला. "अगो घाटनी, बोंबलाचं पिठलं केलंस! तुज्या बापाला तार कर, नवा पदार्थ निघाला म्हनून." पाखाडीवरच्या, म्हणजे आमच्या त्या चढणीच्या वाटेवरच्या, साऱ्या बायकांना तिनं ते सांगितलं. मी रडकुंडीला आले. संध्याकाळी बंदरावरचा लिलाव आटोपून ती परत आली, माझ्या चुलीपाशी बसली आणि बोंबील कसे नुसते भांडं हलवून शिजवायचे ते करून दाखवलं. तिची माया अशीच होती. आधी चिमटा, मग फुंकर.

दुसरा धडा मात्र हसण्यावारी गेला नाही. आमच्याकडं भांडी घासली की अंगणात उन्हात पालथी घालायची, ही सवय हाडात मुरलेली. मी हंडा घासला आणि अंगणातल्या चिऱ्यावर पालथा घातला. मावशी घरातून अशी धावत आली की मला वाटलं साप निघाला. तिनं हंडा उचलून सुलटा केला, त्यात पाणी ओतलं, दर्याच्या बाजूला हात जोडले आणि माझ्याकडं न बघता आत निघून गेली. दिवसभर बोलली नाही. शेजारी राहणाऱ्या तिच्या जावेनं मला सांगितलं, "घरचा मानूस दर्यात असताना भांडं पालथं घालायचं नाय. भांडं पालथं तर होडी पालथी." मी विचारलं, खरंच असं होतं का? जाऊ आवाज उतरवून म्हणाली, "तिला इचार. तिचा दादला गेला त्या दिवशी तिच्या अंगनात हंडा पालथा होता." मी मावशीला कधी विचारलं नाही. असं विचारायचं कसं?

त्या अंगणात तीन मोठी पिंपं होती, डिझेलची, धुऊन रंगवलेली. मे महिन्यात विहिरी तळाला जातात, वरच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, नळ आला तर आला. म्हणून बायका मिळेल ते पाणी पिंपात साठवतात आणि ते सरत आलं की त्यावरच नवं ओततात. कमरेच्या वर येणारी ती पिंपं, तळाशी हात पोचवायचा तर लवंडावीच लागतात. आणि मासेमारीच्या दिवसांत कुणा ना कुणाचा माणूस दर्यात असतोच. त्यामुळं ती पिंपं पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावरच काय ती घासली जायची.

अशाच एका मे महिन्यात तो ताप आला. मुंबईहून सुटीला आलेल्या एका कुटुंबात तो पहिला दिसला, मग शेजारच्या घरात, मग पाखाडीच्या दोन्ही बाजूंना, जशी एखादी बाई हळदीकुंकवाचं बोलावणं करत दारोदार जावी तसा. लोक त्याला हाडमोडा ताप म्हणायचे. तो मला झाला तेव्हा ते नाव किती खरं आहे ते समजलं. सकाळी पाणी भरत होते आणि दुपारी उभं राहवेना. डोळ्यांच्या मागून कुणी अंगठे रोवतंय, कमरेत कुणी पहार घालतंय. कूस बदलायची तर मालकांना हाक मारावी लागायची, आणि मालक फॅक्टरीत. मग मावशीच यायची. लिलाव सोडून यायची. तांदळाची पेज करून चमच्यानं भरवायची, पायाच्या नळ्या दाबायची, आणि वर टोमणा, "तुमच्या घाटावर हाडं चांगली घट्ट आसतात म्हनं, मगं ही कशी गो खुळखुळतात?" मी त्या तापातही हसायचे. हसलं की डोकं आणखी ठणकायचं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी डेंग्यूचा संशय आहे म्हणून सांगितलं आणि काही जणांचं रक्त पुण्याला पाठवलं. तो शब्द आम्ही कुणीच ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, यावर वेगळं औषध नाही. तापाची गोळी, भरपूर पाणी, पेज, शहाळं आणि आराम. अंगदुखीसाठी दुकानातली ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त वाहायची भीती असते. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, ती मी विसरले नाही. ताप उतरला की बरं झालं असं समजू नका. खरा धोका तेव्हाच असतो. पोटात दुखलं, हातपाय गार पडले, हिरड्यांतून रक्त आलं, उलटी थांबेना, तर तडक घेऊन या.

मग आरोग्यसेवक साळवी पाखाडीवर घरोघर फिरले. साधा माणूस, सायकल हातात धरून चढ चढायचा. त्यांनी मावशीच्या पिंपात बॅटरीचा उजेड पाडला आणि आम्हाला बोलावलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत वर येत होत्या, उजेड पडला की खाली पळत होत्या. "हा डास गटारातला नाही, मावशी. हा चांगल्या पाण्यात होतो, दिवसा चावतो, पायावर पांढरे पट्टे असतात. या बाईला ताप आहे. तो हिला चावेल, आणि पुढं ज्याला चावेल त्याला हा ताप देईल." असं म्हणून त्यांनी नंदाकडं बघितलं. ती तेव्हा तीन वर्षांची, मावशीच्या लुगड्याला धरून उभी. मला चावलेला डास माझ्याच लेकराला... आणि मला साधा हात हलवून तो उडवायचं त्राण नव्हतं.

साळवींनी सांगितलं, पाणी फडक्यातून गाळून झाकणाच्या भांड्यात काढा, पिंपं आतून खरवडून घासा, कारण अंडी कडांना चिकटून राहतात, आणि मग उन्हात पालथी घाला. मावशी म्हणाली, "घासते. पालथी नाय घालनार."

"का?"

"माजा झील दर्यात हाय." झील म्हणजे मुलगा, काशिनाथ.

साळवी कोकणातलेच, त्यांना कळलं. ते म्हणाले, "बरं, मग आडवी ठेवा."

"वा रे शाना! आडवी होडी बरी काय?" मावशी कडाडली. बघायला जमलेल्या बायका खो खो हसल्या. साळवीही हसले. पण पिंपं होती तशीच राहिली, आणि मावशीची राहिली म्हणून साऱ्या पाखाडीची राहिली. मावशीचा नवरा असा गेलेला, तेव्हा या बाबतीत तिच्यावर चढ कोण करणार? माझ्या नंदाला मात्र तिनं तेव्हापासून दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवलं. मला एका मच्छरदाणीत, पोरीला दुसरीत. स्वतः बाहेर बसून पोरीला मासळीच्या गोष्टी सांगायची.

पाखाडीच्या वरच्या टोकाला सुली नावाची एक मुलगी होती, नंदाच्याच वयाची. तिला ताप आला आणि उतरला. तिच्या आईनं आनंदानं तिला न्हाऊ घातलं, भात भरवला. दुसऱ्या दिवशी पोर गार पडली. जीप मिळवून दापोलीला न्यायचं ठरलं, मावशी बरोबर गेली, पोर तिच्याच मांडीवर होती. दापोली आली नाही... आली तेव्हा उपयोग नव्हता.

मावशी परतली ती दुपारची वेळ होती. माझा ताप नुकता उतरत होता, अंगावर पुरळ उठलं होतं, मी दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. ती घरात गेली नाही. हातपाय धुतले आणि अंगणात उभी राहून नंदाच्या मच्छरदाणीकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, एकेका पिंपातलं पाणी गाळून काढलं, पिंप लवंडलं, आत अर्धी शिरून काथ्यानं आणि वाळूनं घासलं. मला वाटलं, आता सुलटं ठेवेल. तिनं दोन्ही हातांनी ते उचलून चिऱ्यावर पालथं घातलं. दणका असा झाला की पाखाडीवरच्या बायका बाहेर आल्या. दुसरं. तिसरं. जाऊ कुंपणापाशी येऊन ओरडली, "भागी, याड लागला काय गो तुला? काशिनाथ दर्यात हाय! घाटनीच्या पोरीसाटी सोताचा झील..." मावशीनं तिला पुढं बोलू दिलं नाही. "सुली घाटनीची व्हती काय?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं पलीकडच्या अंगणातून एक दणका ऐकू आला. मग वरच्या बाजूनं एक. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आमच्या पाखाडीवर एकही पिंप सुलटं नव्हतं, आणि निम्म्याहून जास्त घरांतली माणसं दर्यात होती.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. मेअखेरचा वारा, समुद्र गढूळ झाला, लाटा दर्यातल्या किल्ल्याच्या तटावर आपटायला लागल्या. होड्या एकेक करून परत आल्या. काशिनाथची आली नाही. आदल्या दिवशी पिंपं पालथी घालणाऱ्या बायकांचे नवरे घरात चहा पीत बसले होते आणि मावशीचा मुलगा तेवढा बाहेर. आमच्या दारावरून जाताना बायका मान खाली घालायच्या. मला ते सहन होईना. माझ्या पोरीसाठी हे झालं होतं. काशिनाथला काही झालं तर मी या घरात श्वास कसा घेणार? मी भिंतीला धरत अंगणात गेले आणि पिंपाला हात घातला, सुलटं करावं म्हणून. हातात जोर नव्हता, ते नुसतं खडखडलं. मावशी आतून आली. मला वाटलं, तिलाही हेच हवं असणार. तिनं माझा हात पिंपावरून काढला.

"ऱ्हाऊ दे."

"मावशी, मी पाया पडते..."

"अजून आतनं ओलं हाय. वाळू दे." आणि मला धरून खोलीत आणून निजवलं.

ती बंदरावर गेली नाही. दिवसभर नंदाला मांडीवर घेऊन, तिच्या पायांवर कुठं डास चावल्याची खूण दिसते का ते बघत बसली. ती पोरीचे पाय बघत होती आणि मी तिचं तोंड. मी आयुष्यात देवाजवळ एवढं काही मागितलं नाही जेवढं त्या दिवशी दुसऱ्याच्या मुलासाठी मागितलं.

काशिनाथ तिसऱ्या दिवशी आला. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या होडीनं ओढत नेलं म्हणून अंजनवेलला खाडीत थांबले होते. दाढी वाढलेली, मिठानं ओठ फुटलेले. आल्या आल्या म्हणाला, "आये, भूक लागली." मावशी म्हणाली, "बंदरावरनं हात हलवत आलास, एक बांगडा तरी आनायचास." आणि चुलीपाशी गेली. तिथं पाठमोरी बसून ती रडली, ते मी बघितलं. अंगणातली पिंपं तेव्हा सुलटी होती. होडी दिसल्याची हाक आल्यावर आम्हीच बायकांनी घाईघाईनं ती उभी करून पाणी भरायला घेतलं होतं.

नंदाला तो ताप आला नाही. पाखाडीवरही पुढं फार घरांत गेला नाही, साळवी दर आठवड्याला येत राहिले आणि मग पाऊस लागला. कुणी म्हणेल, तुझ्या मुलीला झालाच नसता, पिंपांचा काय संबंध. असेलही. जसं होडीचा आणि पिंपाचा काय संबंध, असंही कुणी म्हणेल. मी एवढंच जाणते की मावशीला दोन्ही संबंध खरे वाटत होते, आणि तरी तिनं माझ्या लेकराच्या बाजूनं हात घातला.

पुढं पावसात होड्या वर ओढल्यावर, एकदा जाळं विणताना ती आपण होऊन बोलली. "माजा दादला गेला त्या दिवशी मी हंडा पालथा घातलेला. नवी व्हते, ठावं नव्हतं. सासू मरंस्तवर मला बोलली नाय त्या दिवसापासनं. मी पन तेच धरून बसलेले... आता बग, तीन पिंपं घातली नि झील आला. पान्याला काय भांडं कळतं गो?" असं म्हणून तिनं जाळ्याची गाठ दातानं ओढली. मला वाटतं त्या दिवशी तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. पण तिनं मला बजावलं, हे काशिनाथला सांगायचं नाही. "त्याला वाटंल, आयेनं मला दर्यात सोडला नि दुसऱ्याची पोर उचलली." पाखाडीवरच्या बायकांनी तर बोलणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनीच पालथी घातली होती, कोण कुणाचं नाव घेणार?

आम्ही रत्नागिरीला राहायला निघालो तेव्हा तिनं सुक्या मासळीची पिशवी दिली आणि म्हणाली, "पिठलं करू नको." मागच्या दिवाळीनंतर मी नंदाला घेऊन तिला भेटून आले, तीच शेवटची भेट. दम लागायचा तिला, छातीत दुखायचं. काशिनाथचं लग्न झालेलं, दोन नातवंडं अंगणात. नंदाला समोर उभी करून तिनं तिच्या पायांवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि मला म्हणाली, "मी गेले की काशिनाथला सांग ता पिंपांचं. मला तोंड नाय." मी म्हटलं, मावशी, मी कशी सांगू? "सांग कशी पन. तू बोलतेस तेवढं कमी नाय."

मी हर्णेला आले होते, काशिनाथ. तेरावं होऊन गेलं होतं तरी आले. तू दारात बसला होतास, माणसं येत-जात होती, तुझी बायको चहा देत होती. तू म्हणालास, "कावेरीताई, आयेला तुमी लेकीसारखी होतात." आणि माझं तोंड बंद झालं. मी नुसती मान हलवली आणि एसटी पकडली. म्हणून हे इथं लिहिते, कुणीतरी तुला वाचून दाखवेल. बाकीच्या बायकांची नावं मी घातली नाहीत, ती विचारू नकोस. तुझ्या आईनं तुला दर्यात सोडलं नव्हतं. ते दिवस ती जशी बसली होती, तसं कुणी कुणाला सोडून बसत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण हेही खरं की माझ्या पोरीसाठी तुझा जीव पणाला लागला आणि तुला कुणी विचारलं नाही. तुझ्या आईचं माझ्यावर जे आहे, ते तिच्या हातात द्यायला आता ती नाही. म्हणून ते तुझ्या घरी देईन. तुझी पोरं लहान आहेत. तू दर्यात असशील आणि घरात कुणी तापानं पडेल, तेव्हा निरोप पाठव. मी रत्नागिरीहून निघेन, तुझ्या लेकरांच्या उशाशी बसेन, आणि तू परत येईपर्यंत उठणार नाही.